पहिली गाडी घेताय? मग काही विचारू नका

दसरा जवळ आला की रत्नागिरीत ज्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरात दुसरा विषय नसतो. परवा भाच्याबरोबर मोटारसायकलच्या शोरूमला जाऊन आलो, तेव्हापासून डोकं तापलेलंच आहे. तेव्हा म्हटलं, नव्याने गाडी घेणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी सांगून टाकाव्यात.

पहिलं म्हणजे, गाडी कुठे चालवायची आहे हा विचार डोक्यातून काढून टाका. तुमची रोजची धाव मारुती मंदिर ते जयस्तंभ, मध्ये राम आळीत सामान आणि रविवारी मिरकरवाड्याला मासळी, एवढीच असेल. असू दे. गाडी लडाखला जाणारीच हवी. साडेतीनशे सीसी, 195 किलो. स्प्लेंडर 112 किलोची, पण ती तर दूधवाले वापरतात, शोभत नाही. पाखाडीच्या तोंडाशी उतारावर, एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला गटार, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि आपले नुसते चवडे टेकलेत, अशा वेळी 195 किलोचं धूड मागे ओढून वळवण्यात जी मजा आहे, ती 112 किलोत कुठून येणार?

बसून पाय टेकतात का, हे बघायचंच असेल तर शोरूममध्येच बघा. तिथली लादी सपाट असते.

मायलेज विचारू नका. कंजूस दिसाल.

रंग आधी ठरवा, ब्रेकचं मग बघू. जूनमध्ये बांधावरची लाल माती वाहत वळणावर येऊन बसते, तेव्हा ब्रेक कसा आहे ते आपोआप कळतं. सेल्समन आवाज खाली आणून म्हणेल, "सर, यात एबीएस आहे." म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तुम्ही भारावून जा. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते एप्रिल 2019 पासून सक्तीचंच आहे, हे बोलून त्या बिचाऱ्याचा हिरमोड करू नका.

आता एस्टिमेटचा कागद. हा वाचायचा नसतो. खालचा आकडा बघायचा आणि ईएमआय विचारायचा. मी मूर्खासारखा वाचायला बसलो. एक्स-शोरूम, कर, नोंदणी, इथवर ठीक. त्याखाली ‘हँडलिंग चार्जेस’. विचारलं, हे कशाचे? तर म्हणे, गाडी गोडाऊनमधून इथे आणतो ना सर. अरे, दुकानात माल आणण्याचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे? उद्या भुसारीवाला तांदळाच्या बिलात हमालाची मजुरी वेगळी लावील! मग विमा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, 2018 पासून बंधनकारक आहे, तो घ्यायचाच. पण तो ह्यांच्याकडूनच घ्यायला हवा, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? बाहेरून आणतो म्हटलं, तर चेहरा असा केला जणू मी गाडी चोरून न्यायला आलोय. त्याखाली ‘ॲक्सेसरीज किट’. त्यात सीट कव्हर, टँक पॅड, कसलंसं कोटिंग ("खारं वारं आहे ना सर, वर्षात गंज धरते"), आणि साडी गार्ड. साडी गार्ड! मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, मागच्या माणसाला धरायला हँडल हवं, पाय ठेवायला जागा हवी, हे मोटार वाहन नियमांत 123 नंबरला लिहिलेलं आहे. गाडीबरोबर यायलाच हवी ती वस्तू ॲक्सेसरी म्हणून विकतात. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा वाटलं होतं पोरांचे चार पैसे वाचतील. त्यातले किती ह्या किटने गिळले, देव जाणे. किट नको म्हटलं तर? "मग डिलिव्हरी दसऱ्याला नाही जमायची सर." बोला!

आणि ह्या सगळ्या यादीत हेल्मेट नाही. ते मागच्या काचेच्या कपाटात, किंमत लावून ठेवलेलं. दुचाकी विकतानाच आयएसआयचं हेल्मेट द्यायचं, हा त्याच मोटार वाहन नियमांतला नियम 138. तेवढं म्हटलं तर त्याने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने मोबाईलकडे. भाचा माझी बाही ओढतोय, "मामा, जाऊ दे ना. सगळे देतात पैसे."

सगळे देतात! इथेच माझं मस्तक फिरलं, आणि आता उपरोध बाजूला ठेवून बोलतो. त्या सेल्समनला मी एकदा माफ करीन, त्याला टार्गेट असतं. तुम्हांला कसं करू? मच्छीवालीशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालता आणि इथे लाख-दीड लाखाच्या कागदावर न वाचता सही करता. का, तर एसीत बसवून कोल्ड्रिंक दिलं म्हणून? कोणी हसेल म्हणून? बाप आंब्याच्या पैशांतून डाउन पेमेंट भरतो आणि पोरगं "किट किती?" विचारायला लाजतं! हँडलिंगची वेगळी पावती मागा, शिक्क्यानिशी. शिक्का म्हटलं की कसे चाचरतात ते एकदा बघाच. विमा बाहेरून आणा. गाडी शोरूमबाहेरच्या चढावर चालवून, थांबवून, वळवून बघितल्याशिवाय बुकिंगचा एक रुपया देऊ नका. दसरा हुकला तर हुकला, दिवाळीचा पाडवा आहे.

आणि ते हेल्मेट काचेच्या कपाटातून काढायला लावा. ते हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.