रात्री अधूनमधून येणारी जाग: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही. 'लहान मुलांना रात्री अधूनमधून जाग येणं नॉर्मल आहे' असं लिहून मी पालकांना गाफील ठेवते, असं तुमचं म्हणणं. तुमचा तीन वर्षांचा मुलगा कधीकधी झोपल्यावर तासा-दीड तासात किंचाळत उठून बसतो, डोळे उघडे असतात, पण तुम्हाला ओळखत नाही. हे पाहून कोणत्याही आईचं काळीज हलेल. तरी माझं मत मी बदलत नाही, कारण मी नॉर्मल म्हटलं ते याला नाही.

झोप सलग नसतेच. मोठ्या माणसात तिचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, तान्ह्या बाळात ५० ते ६० मिनिटांचं. चक्र संपताना झोप सावध होते, आपण कूस बदलतो, पुन्हा झोपतो आणि सकाळी आठवतही नाही. 'आमचं बाळ रात्रभर झोपतं' असं सांगणाऱ्यांचं बाळही जागं होतं, फक्त हाक मारत नाही. आजारपण, नवं घर, नवं भावंड असलं की हाका वाढतात, मग ओसरतात. मी लिहिलं ते एवढ्यापुरतं.

तुमचा मुलगा मात्र त्या वेळी जागा झालेलाच नसतो. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट बाहेर येतो. याला 'नाइट टेरर' म्हणतात. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री पडतं. तेव्हा मूल खरंच जागं होतं, बिलगतं, काय दिसलं ते सांगतं. इथे ते घामाघूम असतं, छाती धडधडत असते आणि जवळ घ्यायला गेलं तर हात झिडकारतं. तो झिडकारलेला हात आईला सगळ्यात जास्त लागतो, पण त्यात राग नसतो, ओळखच नसते. गदागदा हलवून उठवू नका, त्याने प्रकार लांबतो. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघत शेजारी बसा. सकाळी खोदून विचारू नका, त्याला काही आठवत नसतं. ताप आणि अपुरी झोप यांनी हे वाढतं. या वयाला दिवसाची धरून १० ते १३ तास झोप लागते. कमी पडत असेल तर रात्री अर्धा तास लवकर निजवून पाहा.

मी बाळाला 'रडत ठेवा' असं सांगते, असंही तुम्हाला वाटतं, पण तसं मी कुठेही लिहिलेलं नाही. कुरकुर ऐकू आल्याबरोबर उचलू नका, क्षणभर थांबा, एवढंच लिहिलं होतं. ती चक्राच्या सांध्यावरची कुरकुर असेल तर उचलल्यानेच बाळ पूर्ण जागं होतं. काही महिन्यांचं बाळ भुकेने उठलं तर त्याला पाजायचंच, तिथे थांबणं नाही.

काळजी कुठे करायची, याबद्दल मात्र आपलं दुमत नाही. मूल बहुतेक रात्री घोरतं, तोंड उघडं, मान मागे टाकलेली, मध्येच श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो, हे दिसलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. गुदद्वाराशी खाज असेल तर जंत, कानाकडे हात जात असेल तर कानदुखी तपासून घ्या. एका रात्रीत अनेकदा, दर वेळी अगदी तसंच, अंग कडक होऊन झटके येत असतील तर मोबाइलवर चित्रण करून लगेच दाखवा. आणि गुंगी येते म्हणून सर्दीचं सिरप पाजू नका, कुणीही सुचवलं तरी.

तुमचा मुलगा घोरतो का, हे प्रतिक्रियेत नाही. तेवढं जरूर कळवा.