सोडियमला आपला इलेक्ट्रॉन नकोसा नसतो

एक चित्र सगळीकडे फिरतं आहे. सोडियमला जादा इलेक्ट्रॉन नकोसा, क्लोरीनला तो हवासा. देवाणघेवाण झाली की दोघांचं अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, ऊर्जा मोकळी आणि मीठ तयार. खाली दोन पुरवण्या: इलेक्ट्रॉन घेण्यात फ्लोरीन सर्वांत पुढे, आणि हॅलाइडांत (फ्लोरीन, क्लोरीन, आयोडीन यांसारख्यांच्या ऋण आयनांत) आयोडाइड अभिक्रियेला सर्वांत चपळ.

आधी ‘नकोसा’. एकट्या सोडियम अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) लागतात. क्लोरीन तो घेताना परत देतो ३.६१. म्हणजे अणू एकमेकांपासून दूर असताना हा व्यवहार दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट तोट्याचा. सोडियमऐवजी इलेक्ट्रॉन सर्वांत सहज सोडणारं सीझियम घ्या, तरी ३.८९ मोजावेच लागतात. अष्टक पूर्ण होऊनही तोटाच!

तोटा भरून काढतं ते आयनांमधलं, म्हणजे देवाणघेवाणीनं भारित झालेल्या अणूंमधलं, आकर्षण. अणू सुमारे ९.४ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आले की आकर्षणाची ऊर्जा तुटीइतकी होते; त्याच्या आत इलेक्ट्रॉनची उडी परवडते. वायुरूपातल्या मिठाच्या रेणूत हे अंतर अवघं २.३६ अँगस्ट्रॉम असतं. आणि गंमत म्हणजे तो रेणू हळूहळू ताणून तोडला, तर हाती आयन नाही, उदासीन अणू येतात. इलेक्ट्रॉन सोडियमकडे परततो.

इतक्या लांबून उडी मारणारा इलेक्ट्रॉन म्हणजे दोर बांधलेला भालाच, म्हणून या यंत्रणेला ‘हार्पून’ म्हणतात. कल्पना रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यींच्या ज्वालांवरच्या कामातून आली. पुढे डडली हर्शबाख यांनी पोटॅशियम आणि ब्रोमीनच्या रेणूशलाका (अणू-रेणूंचे सरळ झोत) एकमेकींवर सोडल्या, तेव्हा अभिक्रियेचा पल्ला रेणूंच्या आकारावरून वाटेल त्याहून बराच मोठा निघाला. १९८६चं नोबेल त्यांना, युआन ली यांना आणि मायकेल यांचे पुत्र जॉन पोलान्यी यांना मिळालं.

फ्लोरीनचं म्हणाल, तर आकडाच बोलतो: इलेक्ट्रॉन घेताना तो परत देतो ३.४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, क्लोरीनपेक्षा कमी. छोट्या अणूत आधीच दाटी असते, नव्या इलेक्ट्रॉनला ती जाचते. फ्लोरीन दाहक आहेच, पण त्यात त्याच्या रेणूतल्या दुबळ्या बंधाचा आणि त्याच्या आयनाच्या लहान आकाराचा मोठा हात आहे.

आयोडाइडचा पहिला क्रमांक मात्र पाण्यातला आहे. तिथे फ्लोराइडला पाण्याचे रेणू घट्ट वेढतात, म्हणून तो मंदावतो. वायूत ते वेढणं नसतं, आणि क्रम उलटतो: फ्लोराइड मिथिल क्लोराइडशी (एका साध्या कार्बनी संयुगाशी) बहुतेक टकरींत अभिक्रिया करतो, आयोडाइडला ती ऊर्जेच्या दृष्टीनं परवडतच नाही.