आवाजाबरोबर हवा येते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, पण पटलं नाही, म्हणून कमेंटमध्ये दोन ओळी न टाकता इथेच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 'आवाज कानापर्यंत येतो, हवा येत नाही' हे माझं वाक्य साफ चुकीचं आहे, कारण बोलताना तोंडातली हवा हाताला लागते, मोठ्या स्पीकरपुढे तर चक्क वारा जाणवतो, मग कानाच्या पडद्यावर दुसरं आदळणार काय? वर, लोखंडात आवाज जास्त वेगाने जातो तो लोखंड दाट असतं म्हणून, हे साधं कारण मी लपवलं असंही म्हणताय.

आधी एक करून बघा. श्वास आत ओढत ओढत काहीतरी बोला. आवाज जरा विचित्र येईल पण येईल, आणि समोरच्याला ऐकूही जाईल. आता हवा तर तोंडात चाललीये, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेने, मग त्याच्या कानापर्यंत गेलं काय? हाताला लागतो तो श्वास, तो वीतभर अंतरावर विरतो (माइकला 'प', 'फ' म्हणताना फटका बसतो तोही हाच), आवाज मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. स्पीकरचंही तेच, खालच्या सुरांना त्याचा पडदा मोठमोठे हेलकावे घेतो आणि खोक्याच्या भोकातून हवा आतबाहेर ढकलली जाते, तो वारा खरा आहे, पण दहा पावलं मागे गेलात की वारा गायब आणि गाणं चालूच.

आवाज हवेत २० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तेवढ्या वेगाने हवाच येत असती तर ते ताशी बाराशे किलोमीटरच्या वर झालं, कोणी नुसतं 'काय रे' म्हटलं तरी आपण उडून गेलो असतो! प्रत्यक्षात नेहमीच्या बोलण्यात आवाजामुळे हवा पुढेमागे हलते ती सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेगाने, आणि १००० हर्ट्झच्या सुराला जागेवरून सरकते ती दहा नॅनोमीटरच्या आसपास. (रेणूंची स्वतःची धावपळ वेगळी, ती आवाज नसतानाही चालूच असते.) पुढे सरकत जातो तो दाब. कंप पावणारी वस्तू शेजारची हवा दाबते, ती पुढच्या हवेला दाबते आणि परत मागे येते, असं चालू राहतं. हा दाबातला फरक तरी केवढा, तर बोलण्यात ०.०२ पास्कलच्या घरात, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा पन्नास लाखावा भाग. तेवढ्यावर कानाचा पडदा हलतो, अगदी बारीक आवाजाला तर एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो, मला हे दरवेळी अविश्वसनीय वाटतं.

दाटपणाचं कारण मी लपवलं नाही, ते कारणच नाहीये. नुसती घनता वाढली तर वेग उलट कमी होतो. शिसं पोलादापेक्षा जड, तरी त्यात आवाज पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो, आणि हेलियम हवेपेक्षा कितीतरी हलका तर त्यात वेग जवळजवळ तिप्पट. पोलादाचा वेग येतो तो त्याच्या ताठपणामुळे, दाबलं की ते चटकन मूळ जागी येतं आणि घनतेचा तोटा भरून काढून वर उरतं.

आणि पडद्यावर आदळायला काहीतरी हवंच असं वाटत असेल तर विमान खाली उतरतानाचा कान आठवा. वारा कुठून लागत नाही, तरी पडदा आत ओढला जातो, कारण बाहेरचा दाब वाढलाय आणि पडद्यामागच्या पोकळीतला तसाच राहिलाय. मग ऐकू कमी येतं. गिळलं की घशाकडून येणारी नळी उघडते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि कान मोकळा होतो.