घसारा पन्नास टक्के

परवा रात्री पणजीतल्या एका थिएटरात पुढच्या रांगेतली मुलगी मागे वळून माझ्यावर खेकसली, "अंकल, प्लीज!" बोलत होता माझ्या शेजारचा. मी नुसता "हां, हां" म्हणत होतो. तरी अंकल मीच ठरलो. सत्तेचाळीसाव्या वर्षी अंकल म्हणवून घ्यायला माझी ना नाही, पण दुसऱ्याच्या वाटणीचं ऐकून घ्यावं लागलं हे अजून पोटात आहे.

तिकिटं भाच्याने काढली होती. सिनेमा मारधाडीचा. नाव सांगत नाही, कारण सांगून काही फरक पडायचा नाही. एक दाढीवाला नायक, त्याचं कुणीतरी मेलेलं, आणि रांग लावून मार खायला आलेली तीनेकशे माणसं. एवढ्यासाठी फोंड्याहून बाणस्तारी, जुने गोवे असं करत स्कूटरवरून पाठ मोडून घेत आलो. दारात माझी पाण्याची बाटली काढून घेतली. साधं पाणी, घरच्या बावीचं. शेजारी येऊन बसलेल्या सत्तरीतल्या गृहस्थाने मात्र काळोख होताच बनियनच्या आतून चण्याची पुडी काढली. गोव्यात नियम असतातच, फक्त ते बनियनच्या बाहेर असतात.

पहिल्या दहा मिनिटांत एक गाडी हवेत उडून छपरावर आपटली.

"टोटल लॉस," शेजारी म्हणाला.

मला वाटलं, सिनेमाविषयी बोलतोय. म्हणून जरा जिव्हाळ्याने "हो ना" म्हटलं. तीच चूक झाली.

"गाडी हो, बाब. मी सर्व्हेअर. मोटार विमा. छत्तीस वर्षं." चार चणे तोंडात टाकून तो माझ्याकडे सरकला. "दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. ही तर सरळ भंगार. बॉनेट बघितलंत?"

मी बॉनेट बघितलं नव्हतं. मी नायकाच्या बहिणीकडे बघत होतो. ती रडत होती.

तिथून पुढे मी दोन सिनेमे एकदम पाहिले. एक पडद्यावर चालला होता आणि दुसरा डाव्या कानात. नायकाने शोरूमच्या काचेतून जीप घातली, तर कानात आलं, "काचेला घसारा नाही, म्हणजे जुनी म्हणून काही कापत नाहीत. पूर्ण पैसे मिळतात. म्हणून डायरेक्टर काचा किती फोडतो बघा." खलनायकाच्या माणसांनी बंपर उखडला. "प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, सगळ्यांना 50 टक्के कापतात." एअरबॅग फुगली. "तीही 50." एक फायबरचं होडकं फुटलं तेव्हा मी स्वतःच विचारलं, मला लाज वाटते सांगायला, पण विचारलं, "आणि फायबर?"

"मोटारीत असेल तर 30," तो समाधानाने म्हणाला. "होडकं मरीनमध्ये जातं. तो माझा विषय नव्हे."

"अंकल, प्लीज" ते इथे.

भाचा कुजबुजला, "मामा, गप रे." म्हणजे घरचा साक्षीदारसुद्धा फुटला.

मग तो प्रसंग आला, जो असल्या प्रत्येक सिनेमात असतो. पाठलागात नायकाची मोटारसायकल फळांच्या हातगाडीत घुसते आणि संत्री रस्ताभर होतात. थिएटर हसलं. सर्व्हेअर हसला नाही. चणे चावायचा थांबला.

"थर्ड पार्टी," तो म्हणाला. "त्या फळवाल्याला कोण देणार?"

मला उत्तर सुचेना. आजवर असल्या किती हातगाड्या उधळताना मी पाहिल्या असतील, पण त्यानंतरचा फळवाला एकदाही पाहिलेला नाही. तो संत्री वेचत बसतो की म्हापशाच्या बाजारात उधारी मागायला जातो, कोण जाणे. नायक मागे वळून "सॉरी" एवढंसुद्धा म्हणत नाही. आमच्याकडे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट एका हातात गॅसचा सिलिंडर सांभाळत, मागे बांगड्यांची पिशवी घेतलेल्या बाईला बसवून घाट उतरतो आणि कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावत नाही. त्याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

मारधाडीचं मला वावडं आहे असं समजू नका. 2024 चा 'किल' मला मनापासून आवडला. पावणेदोन तासांचा, जवळजवळ सगळा एका धावत्या ट्रेनमध्ये, आणि सिनेमाचं नाव पडद्यावर येतं तेच मुळी जवळजवळ अर्धा रस्ता कापल्यावर. त्यात माणूस मार खातो तेव्हा त्याला लागतं. त्याचे भाऊबंद रडतात. गुंडाचे भाऊबंद रडतात, हे हिंदी सिनेमात मी प्रथमच पाहिलं. टॉम क्रूझबद्दलही मी वाईट बोलणार नाही. नॉर्वेतल्या डोंगरकड्यावरून तो मोटारसायकलसकट खरोखरच खाली गेला, तोही एका दिवसात सहा वेळा. आणि 2024 च्या 'द फॉल गाय'मध्ये लोगन हॉलडे नावाच्या स्टंटमनने गाडी साडेआठ वेळा उलटीपालटी केली. गाडीच्या पोटात दाबाच्या वायूवर उडणारी तोफ बसवतात, तिचा दट्ट्या जमिनीवर आदळला की गाडी कोलांट्या घेते. गिनीजमध्ये त्याची नोंद आहे. मध्यंतरात हे सगळं मी सर्व्हेअरला मोठ्या उमेदीने सांगितलं.

"मुद्दाम उलटवली?" त्याने विचारलं.

"हो."

"मग काही मिळायचं नाही," तो म्हणाला आणि चहा आणायला गेला.

तक्रार आहे ती लांबीची. 'अ‍ॅनिमल' 3 तास 21 मिनिटं, 'पुष्पा 2' 3 तास 20 मिनिटं, 'धुरंधर' तर साडेतीन तासांच्याही पुढे. पावसाळा सोडून मडगावहून वंदे भारतमध्ये बसलात, तर असले दोन सिनेमे होईतो पनवेल मागे पडलेलं असतं, वर जेवणही मिळतं. इथे साडेतीन तास बसून मिळतं काय, तर शेवटच्या पाटीवर दुसऱ्या भागाची धमकी. नायकाला गोळ्या लागतात सतरा, तो पडतो एकदाच आणि तेही गाणं लागणार असेल तर. आणि आवाज! प्रत्येक ठोशाला पोत्यावर बॅट मारल्यासारखा आवाज. परवापासून उजव्या कानात शिटी वाजतेय आणि डाव्या कानात सर्व्हेअर.

मध्यंतरानंतर नायक गोव्यात आला. यायचाच. सिनेमातला माणूस गोव्यात येतो तो सुट्टीला, नाहीतर माल उतरवायला. नारळ, चर्च, बिकिनी, बंदूक, या क्रमाने गोवा दिसला. देऊळ नाही, मासळीबाजार नाही, मराठी-कोकणी बोलणारा तर औषधालाही नाही. एक पोलीस होता, तो पंजाबी ढंगाची हिंदी बोलत होता. मी चिडून काहीतरी पुटपुटलो, तर शेजाऱ्याला नवा विषय मिळाला.

"2011 चा 'सिंघम' आठवतो? अजय देवगणची बदली कोलव्याला होते तो?"

"आठवतो."

"तेव्हा सासष्टी माझ्याकडे होती. कोलव्याच्या आसपास त्या माणसाने किती गाड्या उलट्या केल्या. बरोबर?"

"बरोबर."

"एक क्लेम आला नाही."

हे त्याने इतक्या दुखऱ्या आवाजात सांगितलं की मी त्याच्या हातावर थोपटणार होतो. पुढची मुलगी पुन्हा वळली. यावेळी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडेच.

सिनेमा संपला. किती माणसं मेली ते मी मोजलं नाही. त्याने गाड्या मोजल्या होत्या: चौदा टोटल लॉस, नऊ दुरुस्तीजोग्या. चण्याची पुडी नीट घडी करून खिशात ठेवली, "बरं वाटलं, बाब. हल्ली ऐकणारी माणसं मिळत नाहीत," म्हणाला आणि निघून गेला.

भाचा टॉयलेटला गेला होता, म्हणून पार्किंगला पोचायला आम्हाला पाच मिनिटं उशीर झाला. पोचलो तर माझी स्कूटर आडवी. तिच्या अंगाला लागून एका जुन्या पांढऱ्या गाडीचा मागचा बंपर. दार उघडून उतरला कोण, तर सर्व्हेअर.

मला वाटलं, आता तरी हा ओशाळेल. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि माझ्या स्कूटरच्या पुढच्या पॅनलवरच्या चिरेवरून अंगठा फिरवला, डॉक्टर पोट दाबून बघतो तसा.

"किती वर्षांची?"

"सहा."

"प्लास्टिक. पन्नास टक्के." मग आरसा हलवला, तो हातातच आला. "काच पूर्ण. दांडा धातूचा, पाच वर्षांवर गेली ना, चाळीस कापणार. क्लेम करू नको तू. नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, किती टक्के आहे?"

"पन्नास."

"शून्य होईल."

धडक दिल्यापासून तो एकदम अरे-तुरेवर आला होता, हेही माझ्या लक्षात राहिलंय.

"पण भाई, मारली तुम्ही!" मी म्हटलं. "तुमच्या पॉलिसीतून द्या की."

"माझ्या पॉलिसीत तुझं साडेसात लाखांपर्यंतचं नुकसान भरून येतं," तो अभिमानाने म्हणाला. "थर्ड पार्टी प्रॉपर्टी. पण मग पोलीस आला, पंचनामा आला, ट्रिब्युनल आलं. दीड हजाराच्या कामाला तीन वर्षं. मी सांगतो ऐक, सोडून दे." आणि उरलेल्या चण्यांची पुडी माझ्या हातात कोंबून, यावेळी अगदी सावकाश, पाठीमागे बघत बघत गाडी काढून गेला.

भाचा हसत होता. फोंड्यापर्यंत तो मागे बसून हसत होता आणि मी एका आरशावर स्कूटर चालवत होतो.

मेकॅनिकने काल काम केलं. माझ्या हिरव्या रंगाचं पॅनल मिळेना, म्हणून काळं बसवलंय. त्याचे 1150 झाले. आरशाचे 280 वेगळे.