नैतिक हत्ती, हाफ डे, जेवणासह

पूर्वी ठाण्याचा माणूस थायलंडला जाऊन आला की चार दिवस गप्प असायचा. कुठे गेला होतात असं कुणी विचारलंच तर ‘सिंगापूरच्या बाजूला’ म्हणायचा. आता घोडबंदर रोडवरची अख्खी कुटुंबं, आजीसकट, फुकेतला जातात आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहिला फोटो पडतो तो हत्तीचा. खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. हत्तीने आपल्या थायलंडवारीची अब्रू वाचवली, हे उपकार विसरू नका. तेव्हा तुमच्याही सहलीच्या कागदावर तिसऱ्या दिवशी ‘एथिकल एलिफंट सँक्च्युअरी, हाफ डे, जेवणासह’ अशी ओळ असेल, तर निघण्याआधी काही गोष्टी समजून घ्या.

सगळ्यात आधी एथिकलची खात्री करून घ्यावी. ते सोपं आहे, पाटीवर लिहिलेलं असतं. रेस्क्यू, केअर, रिटायरमेंट होम, सँक्च्युअरी, यातला एखादा शब्द दिसला की पुढे चौकशी करू नये. चौकशी केली की कळतं, पाटी कुणीही रंगवून घेऊ शकतो. कालपर्यंत हत्तीच्या पाठीवर हौदा बांधणारा कॅम्पवालाही. शिवाय पाळलेला हत्ती थायलंडमध्ये १९३९ च्या एका कायद्यानुसार ओझ्याच्या जनावरांत मोडतो. घोडा, गाढव, बैल यांच्या पंगतीत. रानातल्या हत्तीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण, पाळलेल्याला मालकाच्या नावाचा दाखला. असलं काही वाचलं की सहलीचा मूड जातो, म्हणून वाचू नये. जाहिरातीतली हत्तीण हसतेय ना? मग बुक करावं. (हत्तीचं तोंड मुळातच हसल्यासारखं दिसतं, हा भाग वेगळा.)

पोचल्यावर गाइड पंधरा मिनिटं हत्तींचा इतिहास सांगतो. तेवढ्यात स्वच्छतागृह उरकून घ्यावं. फार काही बुडत नाही. एवढंच बुडतं की हे हत्ती जंगलात लाकडाचे ओंडके ओढायचे. १९८९ मध्ये थायलंडने व्यापारी जंगलतोड बंद केली आणि हत्ती आणि माहूत एकाच दिवशी बेकार झाले. वागळे इस्टेटमधले कारखाने बंद पडताना ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की हत्तीला व्हीआरएस मिळाली नाही. काही हत्ती बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागायला लागले, बरेचसे पर्यटकांना पाठीवर घेऊ लागले. आणि माणसाला पाठीवर घ्यायला हत्ती तयार होतो कसा, तर पिल्लू असताना त्याला आईपासून तोडून, अरुंद खोड्यात आवळून, उपाशी ठेवून, टोचून. त्या प्रकाराला तिकडे फाजान म्हणतात. गाइड हे सांगायला लागला की मुलांच्या हातात वेफर्सचं पाकीट द्यावं. मुलं वाईट प्रश्न विचारतात.

हत्तीवर बसायचं नसतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. तरी ग्रुपमध्ये एक आजोबा निघतातच, ज्यांना राणीच्या बागेत हत्तीवर बसल्याचं आठवतं आणि ‘त्याला काही झालं नव्हतं’ हेही आठवतं. त्यांना हत्तीच्या मणक्यांची गोष्ट सांगू नका. घोड्यासारखी सपाट पाठ हत्तीला नसते, मणक्यांची टोकं वर आलेली असतात, त्यावर लोखंडी हौदा आणि हौद्यात दोन सुखवस्तू माणसं बसली की कातडं सोलतं, पाठ वाकते. आजोबा म्हणतील, देवळातले हत्ती आयुष्यभर देव वाहतात. इथे चर्चा थांबवावी. देवापर्यंत गेलेली चर्चा व्हॅनमध्ये संपत नाही.

मग अंघोळ. खरं तर लोक जातात ते अंघोळीसाठीच. चिखलात बसलेला हत्ती, शेजारी चिखलात बसलेल्या वहिनी, दोघांच्या अंगाला सारखाच लेप. बसलो नाही ना पाठीवर? मग झालं की नैतिक! हत्तीला लहानपणापासून स्वतःची अंघोळ स्वतः करता येते, त्याला सोंड त्यासाठीच दिलेली आहे, असले तर्क काढू नका. सकाळच्या तुकडीने घासून लख्ख केलेल्या हत्तीला दुपारची तुकडी पुन्हा चिखल लावते आणि पुन्हा घासते. हत्ती निमूट उभा राहतो कारण शेजारी माहूत उभा असतो, आणि माहुताच्या मुठीत काय आहे हे फोटोत येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडच्या दक्षिणेला अशाच एका अंघोळीत बावीस वर्षांची एक स्पॅनिश विद्यार्थिनी हत्तीच्या हल्ल्यात गेली. त्या दिवशी चुकलं कुणाचं यावर बराच खल झाला. हत्तीला मुळात अंघोळ घालून हवी होती का, हा मुद्दा त्यात मागेच राहिला.

आता खरा धोका सांगतो. चुकून तुम्ही खऱ्याखुऱ्या नैतिक ठिकाणी पोचलात तर?

अशी काही ठिकाणं आहेत. तिथे हत्तीला हात लावायचा नसतो. पाण्यात उतरायचं नसतं. लाकडी मचाणावरून किंवा ठरवलेल्या अंतरावरून बघायचं, आणि हत्ती जे करेल ते बघायचं. हत्ती काय करतो? खातो. दिवसाचे सोळा-अठरा तास तो खातच असतो, शे-दीडशे किलो पाला, गवत, साली. म्हातारी हत्तीण असेल तर एका झाडाशी उभी राहून तासभर पाठ घासते. माणशी अडीच-तीन हजार बाट, म्हणजे आपले सात-आठ हजार रुपये भरून हे बघायचं असतं. अशा प्रसंगी आपल्या ग्रुपमध्ये जे होतं ते साधारण असं:

‘अरे, विचार जरा त्याला, जवळ कधी आणणार?’

‘काका, ते आणत नाहीत. तिला वाटलं तर ती येईल.’

‘आणि नाही वाटलं तर?’

‘तर नाही येणार.’

‘म्हणजे पैसे आपण भरायचे आणि मर्जी तिची?’

टूर मॅनेजर पोरसवदा असतो, डोंबिवलीचा वगैरे. तो गप्प बसतो. तुम्हीही त्याच्याशी फार वाद घालू नका, रात्री आमरसाची वाटी तोच वाढणार असतो. मात्र अशा वेळी जरा मोठ्याने ‘यापेक्षा दुसरा कॅम्प बरा होता, तिथे हत्ती फुटबॉल खेळतात’ असं म्हणून ठेवावं. पुढच्या वर्षी कंपनी कार्यक्रम बदलते. ग्राहक राजा आहे, आणि राजाला हत्ती लागतोच.

काही ठिकाणी कठड्याअलीकडून खायला घालू देतात. ती पाच मिनिटं मात्र नीट बघण्यासारखी असतात, हे मी उपरोध बाजूला ठेवून सांगतो. टोपलीत काकडी, कलिंगडाच्या फोडी, ऊस, केळी. सोंडेच्या टोकाला वरच्या बाजूला बोटासारखा एक ओलसर मांसल कोंब असतो (आशियाई हत्तीला एकच, आफ्रिकनला दोन). त्या कोंबाने हत्तीण टोपली चाचपते. काकडी बाजूला सारते. दुसरी काकडीही बाजूला सारते. उसाचं कांडं सापडलं की सोंडेचा वेटोळा घालून ते उचलते, पण तोंडात टाकत नाही; सोंडेच्या घडीत धरून ठेवते आणि त्याच सोंडेने दुसरं कांडं शोधते. तीन जमली की मग तोंडात. आपल्याकडे भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बाईला जितकं कळतं तितकं तिला कळतं. नेमकं याच वेळी तुम्ही मोबाइलकडे तोंड आणि हत्तीकडे पाठ करून उभे असता, हे बरंच आहे.

एखादी हत्तीण एका जागी उभी राहून डावी-उजवीकडे डोलताना दिसेल. डोकं इकडे, पाय तिकडे, पुन्हा डोकं इकडे, न थांबता. लगेच व्हिडिओ घ्यावा. खाली ‘बाप्पा डोलतायत’ लिहावं आणि ढोल-ताशाचा आवाज टाकावा. वर्षानुवर्षं आखूड साखळीला बांधलेला हत्ती असा डोलायला लागतो, आणि साखळी सुटल्यावरही काहींची ती सवय सुटत नाही, हे गाइडने सांगितलेलं कापून टाकावं. ते तालात बसत नाही.

शांतता पाळण्याची सूचनाही मिळेल. आपल्या कानाला ऐकू येणार नाही अशा खालच्या सुरात हत्ती एकमेकांशी काही किलोमीटरवरून बोलतात, म्हणून गोंगाट नको, असं सांगतात. आपले लोक ही सूचना फार मनापासून पाळतात. मचाणावर बाळाच्या पाळण्याशी बोलावं तसे कुजबुजतात, खोकला आला तर रुमाल धरतात. मग ठाण्याला परत येतात आणि पुढच्याच शनिवारी येऊरच्या बंगल्यावर मेव्हण्याचा पन्नासावा वाढदिवस असतो. संजय गांधी उद्यानाची हद्द, पलीकडे बिबट्या, आणि अलीकडे दोन स्पीकर. बिबट्या आपलाच, घरचा. त्याच्याशी इतकी औपचारिकता कशाला?

हे हत्तींचंही तसंच. थायलंडचा हत्ती पाहिल्यावर आपल्याकडच्या हत्तींची आठवण येऊ देऊ नका, फार गुंतागुंत होते. मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे २०१३ च्या जूनमध्ये बिजली नावाची हत्तीण रस्त्याच्या कडेला कोसळली आणि पुन्हा नीट उभी राहिली नाही. त्याच महिन्यात गेली. जन्मभर डांबरावरून भीक मागत आणि लग्नाच्या वरातीत फिरली होती. तिला हाफ डे नव्हता, फुल डे होता. तिकीट एक नाणं, बदल्यात डोक्यावर सोंडेचा आशीर्वाद. आपणच घेतलाय तो. अनेकांकडे फोटोही असेल, पण तो अल्बममध्ये आहे, ग्रुपवर टाकायचा नाही.

आणि रानातले हत्ती हवेतच असतील तर तेही राज्यात आहेत. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून तिलारीच्या बाजूने ते दोडामार्गात उतरले. तिथे गाइड नाही, कठडा नाही, टी-शर्ट नाही. हत्ती स्वतःहून घरी येतो आणि सुपारी, माड, केळीची बाग एका रात्रीत झोपवून जातो. त्या शेतकऱ्याला हत्तीप्रेम शिकवायला ठाण्याहून फोन करू नये. त्याच्याकडे हत्ती जेवणासह येतो, जेवण त्याचं.

२०२५ च्या जुलैत कोल्हापूरकडच्या नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानंतर जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणिकेंद्रात गेली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच नंबरवरून सकाळी ‘आमची माधुरी परत द्या’ आणि संध्याकाळी ‘हत्तीला साखळीत ठेवणारे माणूस म्हणवतात?’ असे दोन मेसेज आले होते. दोन्हींवर त्याच लोकांनी अंगठा दिला. मला यात विसंगती दिसत नाही. हत्ती मोठा प्राणी आहे, त्याच्यावर दोन मतं सहज मावतात.

जेवणाबद्दल काळजी नको. बऱ्याच सँक्च्युअरींत जेवण शाकाहारीच असतं, फक्त सॉसमध्ये मासा नाही ना एवढं विचारून घ्यावं. तरीही थेपले, चिवडा आणि लोणच्याची बाटली असावी. ते हत्तीला देऊ नये, असं सांगावं लागतं म्हणून सांगतो.

हाफ डे हा हाफच का असतो, याचंही कारण आहे. दुपारी दुसरा कार्यक्रम असतो. सकाळी अकरापर्यंत हत्तीला हात न लावता कमावलेलं पुण्य अडीच वाजता वाघाच्या शेपटीला हात लावून खर्च करता येतं, आणि उरलेल्यावर संध्याकाळी डॉल्फिनचा खेळ. व्हॅन तीच, ड्रायव्हर तोच, सकाळी वाटलेला ‘सेव्ह द एलिफंट्स’चा टी-शर्टही अंगात तोच. कपडे बदलत बसायला वेळ कुणाला आहे?

शेवटी रिव्ह्यू लिहायला विसरू नका, तो वाचूनच पुढचा ठाणेकर बुकिंग करणार आहे. नमुना देतो: ‘जागा स्वच्छ. झाडी चांगली. हत्ती तब्येतीने ठीक, पण पाहुण्यांकडे लक्ष देत नाहीत. स्टाफ नम्र आहे, मात्र हत्ती जवळ यावेत यासाठी काहीच प्रयत्न करत नाही. मुलांसाठी ॲक्टिव्हिटी नाही. गाइड फार दुःखी गोष्टी सांगतो. जैन जेवण आधी कळवावं लागतं. ज्येष्ठांसाठी चढ आहे. पार्किंग भरपूर. तीन तारे.’

चौथा तारा द्यायची इच्छा असेल तर तो कॅन्टीनमधल्या मांजराच्या नावाने द्या. ते आपणहून मांडीत येऊन बसतं, हवा तेवढा हात लावू देतं, फोटोलाही बघतं.