केबल ठीक आहे, भावा

आज २५ फेब्रुवारी. २०१९ साली याच तारखेला मार्क हॉलिस गेला. ६४ वर्षांचा होता. टॉक टॉक या इंग्लिश बँडचा गायक, गाणी लिहिणाराही तोच. ती बातमी आल्यावर ज्यानं त्यानं 'इट्स माय लाइफ'ची लिंक टाकली, खाली हात जोडले आणि विषय संपला. त्यातल्या निम्म्यांना ते गाणं नो डाउट या बँडचं वाटत असणार, त्यांनी ते नंतर पुन्हा गायलं म्हणून. २००३ साली मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून जास्त बोलत नाही.

पण ते गाणं म्हणजे टॉक टॉक नव्हे. १९८२ ते ८६ या काळात त्यांनी झकपक सिंथवाली गाणी केली, खपलीही. 'द कलर ऑफ स्प्रिंग' एवढा चालला की कंपनीनं पुढच्या अल्बमसाठी हात सैल सोडला. मग हे गडी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत शिरले आणि दिवे घालवून बसले. खरोखर अंधार, कोपऱ्यात जेमतेम उजेड. बाहेरून वाजवणारे बोलवायचे, अगदी नायजेल केनेडीसारखा व्हायोलिनवाला, तासन्‌तास वाजवून घ्यायचं आणि त्यातले चार सूर ठेवून बाकी सगळं पुसायचं. १९८८ ला 'स्पिरिट ऑफ ईडन' बाहेर आला. रेडिओवर लावावं असं त्यात काही नव्हतं. कंपनी आणि बँड कोर्टात भेटले. पुढं १९९१ ला कंपनीनं जुन्या गाण्यांचा परस्पर रिमिक्स अल्बम काढला, तर यांनी दावा ठोकून त्याच्या कॉप्या नष्ट करायला लावल्या. नाद करायचा नाय!

त्याच वर्षी 'लाफिंग स्टॉक' आला. त्याची सुरुवात नुसत्या खरखरीनं होते. अँप चालू आहे, वाजवत कुणीच नाही. माझा एक दोस्त गणपतीत डॉल्बी लावतो. त्याला मोठ्या हौसेनं ऐकवायला बसवलं, तर पाच सेकंदांत स्पीकरमागं जाऊन वायर हलवायला लागला. "अर्थिंग गेलंय तुझं." त्याला हाताला धरून परत खुर्चीत बसवला. केबल ठीक आहे, भावा. ते तसंच आहे.

आता यात एवढं भारी काय, तर मला ते कोल्हापूरचा म्हणूनच कळतं असं माझं मत आहे. (हसा.) थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी या गावात आणलं. लहानपणी काका मला देवल क्लबला मैफिलींना घेऊन जायचे. तानपुरे जुळेपर्यंत कुणी 'आवाज' म्हणून ओरडत नसे, आणि तबलजी सरळ ठेका धरून बसायचा, मधे आपली हुशारी दाखवायची नाही. 'लाफिंग स्टॉक'मधलं 'न्यू ग्रास' ऐका. टॉक टॉकचा ली हॅरिस नऊ मिनिटांहून जास्त वेळ तोच ठेका धरून बसलाय. रॉकचा ड्रमर आणि एवढी सबुरी! ज्यांना दर दोन मिनिटाला गिटारचा सोलो लागतो त्यांनी खुशाल दुसरं काही ऐकावं.

हे लोक मागं का राहिले, याचं एक कारण ते स्वतःच. १९८६ नंतर त्यांनी स्टेजवर पाय ठेवला नाही. हॉलिसनं १९९८ ला एकट्याचा एक अल्बम काढला आणि मग पोरांबाळांत रमला. वीसेक वर्षं गप्प. बघा, जमतंय का कुणाला.

तो गेल्यावर मी 'लाफिंग स्टॉक' लावलाच नाही. लावला तो ऑगस्टात, महापुरात. शाहूपुरीत आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलं होतं. लाइट नाही, खाली एक गाडी नाही, हॉर्न नाही. कुंभार गल्लीतल्या मूर्तींचं काय झालं असेल, एवढाच विषय. खालच्या मजल्यावरचे आजोबा आमच्याकडं मुक्कामाला होते. रात्री झोप येईना म्हणून फोनवर हळू आवाजात लावलं. तिसरं गाणं 'आफ्टर द फ्लड'. शप्पथ, नाव बघून लावलं नव्हतं. मधे एक सूर येतो, फाटलेला, किंचाळणारा, आणि मिनिटभर तिथंच उभा राहतो. पुढं नाही, मागं नाही.

अंधारातून आजोबा म्हणाले, "सूर लागलाय, पण यंत्र बिघडलंय."

"मुद्दाम केलंय," मी म्हणालो.

"मग असू दे."

थोड्या वेळानं बायको उठली. बॅटरी ११ टक्क्यांवर आली होती, आणि सकाळी दुधासाठी फोन लागणार होता. गाणं संपायच्या आधीच बंद केलं.