वराडकरांचा अभिमान कसा बाळगावा

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर 'आपले' आहेत हे तुम्हाला कळलं नसेल, तर एखाद्या साखरपुड्याला जाऊन बसा. परवा पंगतीत शेजारी आलेल्या एका काकांनी श्रीखंड संपलं तरी मला सोडलं नाही. ही सगळी विद्या त्यांचीच.

सुरुवात मालवण तालुक्यातल्या वराड गावापासून करावी. वडील डॉक्टर अशोक वराडकर तिथले. आई मिरियम आयरिश, नर्स. तिला वगळलं तरी चालतं.

ते अजून पंतप्रधान आहेत असंच सांगावं. पद २०२४ मध्ये सोडलं, पण फॉरवर्डला त्याचा पत्ता नाही.

पंतप्रधान असून २०२० मध्ये डब्लिन वेस्ट मतदारसंघातून निवडून यायला, तिथल्या पसंतीक्रमाच्या मतदानात, मतमोजणीची पाचवी फेरी लागली, हे सांगू नये. आपल्याकडे असं नगरसेवकालासुद्धा शोभत नाही.

बेळगावच्या सविता हलप्पनवारचं नाव तर काढूच नये. आयर्लंडमधल्या गॉल्वेत तिला गर्भपात नाकारला, २०१२ मध्ये ती गेली. राज्यघटनेतली ती गर्भपातबंदी २०१८ मध्ये सार्वमतानं उठली, तेव्हा पंतप्रधान हेच. पण जेवताना कुठे हे विषय!

आता मुख्य खबरदारी. जानेवारी २०१५, छत्तिसावा वाढदिवस. आरोग्यमंत्री असलेल्या या माणसानं रेडिओवर सांगितलं, मी गे आहे. चारच महिन्यांनी देशानं समलिंगी विवाहाला सार्वमतात ६२ टक्के मतं दिली. हे वाक्य आलं की घास मोठा घ्यावा. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला आले तेव्हा जोडीदार मॅथ्यूही सोबत होते. फोटोत दिसलेच तर 'मित्र असेल' म्हणावं. आणि मग समोरच्या पानावरच्या पोराला, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारावं, "काय रे, तिशी आली, लग्नाचं नाव नाही. तसला काही प्रकार नाही ना?" काकांनी हेच विचारलं. पंगत हसली. पोरगाही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

काका, लाज कशी वाटत नाही हो? आयर्लंडमध्येही १९९३ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हाच होता. ती माणसं बदलली. तुमच्या घरात लिओ जन्माला आला असता, तर तुम्ही त्याला आधी मुली दाखवल्या असत्या, मग डॉक्टरकडे नेलं असतं, आणि ते नाही जमलं तर बोलणं टाकलं असतं. त्या पोराला फोन करा. माफी मागा. तोवर वराडचं नाव तोंडातून काढू नका.